फायटर माशाच्या पिल्लांसाठी आर्टेमिया: सुटी अंडी घ्यावीत की सीलबंद डबा?

जोडी जमली, नराने फेसाच्या घरट्यात अंडी सांभाळली, पिल्लं पोहायला लागली, नर बाजूला काढला आणि आठ-दहा दिवसांत टाकी रिकामी झाली. ठाण्यात आणि नवी मुंबईत बेटा, म्हणजेच फायटर माशांच्या ब्रीडिंगला हात घालणाऱ्या अनेकांची पहिली बॅच अशी जाते आणि दोष नळाच्या पाण्यावर येतो. पाणी क्लोरीन काढून, दोन दिवस मुरवून वापरलं असेल तर आधी खाद्याकडे बघा. दुकानातून आणलेल्या २५ ग्रॅमच्या झिपलॉक पाकिटातली आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची अंडी फुटतच नसतील, तर त्यांतून निघणाऱ्या अळ्यांवर जगणारी पिल्लं उपाशी मरतात. पिल्लं फार बारीक असल्यामुळे ती उपाशी आहेत हे कळतही नाही.

आपल्याकडे हा माल तीन रूपांत मिळतो: सुटं पाकीट, ४२५ ग्रॅमचा सीलबंद डबा आणि कवच काढलेली, म्हणजे डिकॅप्सुलेटेड अंडी.

सुट्या पाकिटाबद्दल स्पष्टच सांगतो, जून ते सप्टेंबर ते घेऊ नका. आर्टेमियाचं अंडं म्हणजे वाळवलेला, झोपलेला गर्भ. एका ग्रॅममध्ये साधारण दोन ते तीन लाख अंडी असतात आणि ती हवेतला ओलावा ओढून घेतात. पावसाळ्यात आपल्याकडची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. दुकानदार मोठा डबा उघडतो, चमच्याने पिशव्या भरतो, झाकण लावतो, पुन्हा उघडतो. दर वेळी गर्भ अर्धवट जागा होतो, साठवलेली ताकद खर्च करतो आणि पुन्हा सुकतो. असं चार-सहा वेळा झालं की अंडी दिसतात तशीच, पण फुटत नाहीत, किंवा फुटली तरी अळी दुबळी निघते. ग्रॅममागे हिशेब केला तर सुटा माल डब्यापेक्षा महागही पडतो.

तरीही घ्यायचंच असेल तर पाकीट तिरकं करून बघा. अंडी कोरड्या बारीक वाळूसारखी घसरली पाहिजेत. गुठळी दिसली किंवा कडेला चिकटली तर ठेवून द्या. घरी भिंग असेल तर आणखी नेमकी खूण मिळते: कोरडं, चांगलं अंडं पिचलेल्या चेंडूसारखं एका बाजूने खोलगट असतं. पाण्यात न टाकताच गोल टपोरं दिसलं, तर त्याने ओलावा आधीच प्यायलेला आहे.

सीलबंद डब्यावर अमेरिकेतल्या युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकचं नाव बरेचदा असतं. त्यावर फुटण्याचं प्रमाण ८० किंवा ९० टक्के असं छापलेलं असतं, शिवाय बॅच आणि मुदत. प्रमाणापेक्षा मुदत आधी वाचा. व्हिएतनामच्या विन्ह चाऊचा माल मिळाला आणि परवडला तर बेटासाठी तो अधिक बरा, कारण त्याची अळी थोडी लहान असते. ग्रेट सॉल्ट लेकची अळी जवळपास अर्धा मिलिमीटर भरते आणि नुकत्याच पोहायला लागलेल्या सगळ्याच पिल्लांच्या तोंडात ती मावत नाही. म्हणून पहिले दोन-तीन दिवस इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव) किंवा व्हिनेगर ईल (व्हिनेगरमध्ये वाढणारे बारीक कृमी) द्या, त्यानंतर आर्टेमिया.

फोडण्याची कृती सोपी आहे, पण मापं पाळावी लागतात. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ घाला. आपल्या मिठागरांचं खडेमीठ उत्तम चालतं, फक्त विरघळवून फडक्यातून गाळून घ्या, माती फार असते. पाव चमचा खायचा सोडा टाका, कारण पाण्याचा पीएच ८ च्या वर हवा. बाटली उलटी टांगून एअर पंपाची नळी थेट तळाला सोडा आणि हवा इतकी ठेवा की एकही अंडं तळाला बसू नये. एअर स्टोन लावू नका, बारीक बुडबुड्यांनी फेस होतो आणि अंडी काठाला चिकटून वाया जातात. पहिले काही तास प्रखर उजेड हवा. २८ अंशांना २४ तासांत अळ्या निघतात. जानेवारीतल्या थंड रात्री हेच काम ३६ तासांवर जातं, तेव्हा बाटलीजवळ बल्ब लावून ठेवा. दीडशे-दोनशे पिल्लांना सुरुवातीला दिवसाला अर्धा ग्रॅम अंडी भरपूर होतात.

हवा बंद करून दहा मिनिटं थांबलात की रिकामी कवचं वर तरंगतात आणि नारिंगी अळ्या खाली उजेडाकडे जमतात. तळाच्या अगदी टोकाला न फुटलेली अंडी असतात, ती आधी बाहेर काढून टाका. कवचं आणि न फुटलेली अंडी पिल्लांच्या पोटात गेली तर पचत नाहीत आणि आतडं तुंबतं. अळ्या गाळायला स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडचं बारीक कापड सगळ्यात चांगलं. गोड्या पाण्याने धुऊन लगेच द्या. फुटल्यापासून सहा-आठ तासांनी अळी कात टाकते आणि अंगातलं पोषण घटायला लागतं, म्हणून १२ तासांच्या अंतराने दोन बाटल्या चालवाव्यात. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली की खाणं पोहोचलं. मात्र नुसत्या आर्टेमियावर वाढवलेल्या बॅचमध्ये तळाला पोटावर घसरत चालणारी पिल्लं अधिक दिसतात, तेव्हा दिवसातून एकदा मायक्रोवर्म (घरी वाढवता येणारे बारीक कृमी) द्याच.

शोसाठी मासे तयार करणाऱ्यांना पिल्लांच्या खाद्यात काटकसर परवडत नाही. हाफमून प्रकारच्या बेटाची शेपटी १८० अंश उघडणं रक्तात असावं लागतं हे खरं, पण पहिल्या महिन्यात खुरटलेल्या पिल्लाला तो पंख धरणारं अंगच येत नाही आणि पुढे कितीही खायला घाला, ती तूट भरून निघत नाही.

डिकॅप्सुलेटेड अंडी पहिल्या आठवड्यासाठी नकोतच. ती हलत नाहीत आणि बेटाचं पिल्लू हलणाऱ्या भक्ष्यावरच झडप घालतं. ती तळाला बसतात आणि पाणी नासवतात. साधारण तीन आठवड्यांनंतर, पिल्लं तळातलं वेचायला लागली की, जोडखाद्य म्हणून ठीक.

डब्याची खरी अडचण म्हणजे ४२५ ग्रॅम एका घरात संपत नाहीत. ठाणे-कळवा किंवा वाशी-नेरूळ पट्ट्यातल्या तीन-चार ब्रीडरनी मिळून एक डबा घ्यावा आणि तो पावसाळा सोडून, कोरड्या दिवशी एकाच बैठकीत वाटून घ्यावा. लहान काचेच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरा म्हणजे आत हवा राहत नाही, सिलिका जेलची पुडी टाका आणि फ्रीझरमध्ये ठेवा. एका वेळी एकच बाटली बाहेर काढा. बाहेर काढल्यावर झाकण लगेच उघडू नका, बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तशीच बंद राहू द्या. थंड काचेवर आत दव धरलं तर ती बाटली सुट्या पाकिटाच्याच वाटेने जाते.