जळगावातलं रेडिएशन सेंटर: मशीन चांगलं, वेळापत्रक ढिलं

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी इथे बाहेरून 25 शेक (रेडिएशनचे डोस), सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. नियोजन नेटकं. शेक देण्यापूर्वी मूत्राशय ठरावीक भरलेलं आहे ना, हेही रोज बघतात. ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून दिलेलं रेडिएशन, मात्र इथे नाही, त्यासाठी दुसऱ्या शहरात पाठवतात, आणि तारखेत दिवस जातात. सगळे उपचार 56 दिवसांत संपायला हवेत. लांबले की गाठ पुन्हा उठण्याचा धोका वाढतो. म्हणून ब्रॅकीथेरपीची तारीख पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.

सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर जातं. खान्देशातल्या मे महिन्यात शहाद्याहून एस.टी.नं येणारी बाई आधीच कोरडी पडलेली असते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तातली पातळी) वाढलं की डोस चुकतो. टाटा मेमोरियलच्या 2018 च्या अभ्यासात 3बी या पुढच्या टप्प्यात केमोची जोड दिल्यावर 5 वर्षांनी 54 टक्के रुग्ण हयात होत्या, नुसत्या शेकांनी 46. तो फरक असा वाया घालवू नये. तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब लागतात, तेव्हा कळण्याची भाकरी नि शेवभाजी बंद, मऊ भात सुरू.

सर्वांत कच्ची बाजू नंतरची. योनीमार्ग आकसू नये म्हणून डायलेटर (योनीमार्ग रुंद ठेवणारी नळी) लागतो, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. शौचातून रक्त वर्षा-दोन वर्षांनीही येऊ शकतं, ते मूळव्याध समजून अंगावर काढू नका. पहिली 2 वर्षं दर 3 महिन्यांनी तपासणी.