पडद्यावरचे आकडे, साइटची आयती पट्टी की स्वतःची वही? ऑनलाइन पोकर खेळणाऱ्यासाठी तुलनात्मक आढावा

ऑनलाइन पोकरच्या टेबलावर समोरच्याचा चेहरा दिसत नाही. एक टोपणनाव, एक स्टॅक (त्याच्यापुढचा चिप्सचा साठा) आणि लावलेल्या रकमेचा आकार एवढ्यावरूनच तो कसा खेळतो हे ओळखायचे असते. ही उणीव भरून काढण्यासाठी जी साधने निघाली, त्यांना हेड्स-अप डिस्प्ले किंवा खेळाडूंच्या बोलीत नुसते ‘हड’ म्हणतात. पोकरचे सॉफ्टवेअर प्रत्येक डावाची नोंद मजकुराच्या फाइलमध्ये संगणकावर साठवते, ट्रॅकर नावाचा प्रोग्राम ती फाइल वाचून डेटाबेसमध्ये घालतो आणि त्यातून निघालेले प्रत्येक खेळाडूचे आकडे टेबलावर त्याच्या नावाशेजारी दाखवतो. ज्याला हे साधन घ्यावे की नाही असा प्रश्न पडला आहे, त्याच्यासमोर प्रत्यक्षात तीन मार्ग असतात: पोकरट्रॅकर ४ किंवा होल्डेम मॅनेजर ३ यांसारखा स्वतंत्र ट्रॅकर विकत घेणे, साइटनेच दिलेल्या मोजक्या आकड्यांवर भागवणे, किंवा आकडे बाजूला ठेवून निरीक्षण आणि स्वतःच्या टिपणांवर विसंबणे.

निवड करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट असावी. भारतीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी आणली आणि त्यानंतर देशातल्या मोठ्या पोकर कंपन्यांनी पैशांची टेबले बंद केली. त्यामुळे पुढची तुलना मुख्यतः ब्रिटन किंवा न्यू जर्सी अशा, ऑनलाइन पोकरला परवाना असलेल्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी वाचकाच्या उपयोगाची आहे. महाराष्ट्रात बसून फुकटच्या चिप्सवर खेळणाऱ्याने हडच्या फंदात पडू नये हे बरे, कारण जिथे हरण्याने काही बिघडत नाही तिथे माणसे कोणत्याही पत्त्यांवर डावात उतरतात आणि त्यांचे आकडे पैशांच्या खेळाविषयी काहीच सांगत नाहीत.

दुसरी अट साइटची. अनेकजण आधी ट्रॅकर विकत घेतात आणि मग आपल्या साइटवर तो चालतच नाही हे त्यांच्या लक्षात येते. पोकरस्टार्सवर ट्रॅकर आणि हड वापरता येतो, मात्र स्वतः न खेळलेल्या डावांच्या नोंदी विकत घेणे किंवा इतरांशी डेटाबेसची देवघेव करणे तिथे निषिद्ध आहे. पार्टीपोकरने जून २०१९ मध्ये डावांच्या नोंदी खेळाडूच्या संगणकावर साठवणे थांबवले आणि सर्वांना नवी टोपणनावे घ्यायला लावली, त्यामुळे वर्षानुवर्षे जमवलेली माहिती एका दिवसात निरुपयोगी झाली. जीजीपोकरवर बाहेरचा हड चालत नाही, तिथे साइटचा स्वतःचा ‘स्मार्ट हड’ आहे. इग्निशनसारख्या ठिकाणी टेबलावर नावेच नसतात, तेव्हा मागच्या डावांची ओळख पुढे नेण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणजे ज्याची साइट ठरलेली आहे, त्याचा निम्मा निर्णय आधीच झालेला असतो. उरलेला निर्णय आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा याचा आहे, आणि तिथेच बहुतेकांची गल्लत होते.

सर्वांत प्रसिद्ध आकडा व्हीपीआयपी. शंभर डावांपैकी किती डावांत खेळाडूने फ्लॉपपूर्वी, म्हणजे टेबलावर पहिले तीन सामायिक पत्ते उघडण्याआधी, स्वखुशीने पैसे घातले, हे तो सांगतो. त्याच्या जोडीला पीएफआर, म्हणजे किती वेळा त्याने फ्लॉपपूर्वी रेझ केले, अर्थात लावायची रक्कम वाढवली. सहा जणांच्या टेबलावर २३/१९ (आधी व्हीपीआयपी, मग पीएफआर) असे दिसले तर समोर बहुधा अभ्यासू, सावध खेळाडू आहे. १३/११ म्हणजे चांगल्या पत्त्यांची वाट पाहत बसणारा. ४२/७ म्हणजे पुष्कळ डावांत येणारा पण क्वचितच रेझ करणारा, ज्याच्यासमोर ब्लफ करणे, म्हणजे हाती काही नसताना रक्कम लावून घाबरवणे, म्हणजे पैसे फेकणे आणि चांगले पत्ते असताना मोठी बेट लावणे हाच व्यवहार. दोन आकड्यांमधली दरी पाहण्याची सवय लागली तर पहिल्या पंधरा मिनिटांत टेबलावरचा ढोबळ नकाशा तयार होतो. हडचा सर्वांत खरा उपयोग हा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण हे आकडे किती डावांवर उभे आहेत? समजा एखाद्याचा खरा व्हीपीआयपी २५ आहे. तीस डावांनंतर पडद्यावर त्याच्यासमोर १० पासून ४० पर्यंत काहीही दिसू शकते आणि त्यात वावगे काही नसते, तो केवळ नमुन्याच्या लहानपणाचा परिणाम असतो. शंभर डावांनंतर हा पट्टा साधारण १७ ते ३३ असा आक्रसतो, आणि पाचशे डावांनंतर २१ ते २९ वर येतो. म्हणजे व्हीपीआयपीसारखा, प्रत्येक डावात मोजला जाणारा आकडासुद्धा शंभरेक डावांशिवाय बोलू लागत नाही. तरीही पडद्यावर तो पहिल्या दहा डावांपासून त्याच ठसठशीत अक्षरांत झळकत राहतो, आणि नवखा खेळाडू त्याच्यावर शपथ घ्यायला तयार होतो.

दुर्मीळ प्रसंगांचे आकडे याहून फसवे. रेझ केल्यावर थ्री-बेट झाली (कोणी त्यावर आणखी रेझ केले) तर खेळाडू किती वेळा फोल्ड करतो, म्हणजे पत्ते टाकून देतो, हा आकडा अनेकांच्या हडवर ठळक जागी असतो. पीएफआर १८ असलेला खेळाडू हजार डावांत सुमारे १८० वेळा रेझ करील. त्यांपैकी दर सातव्या वेळी कोणी थ्री-बेट केली असे धरले तर हाती पंचवीसेक प्रसंग येतात. त्यांत त्याने पंधरा वेळा फोल्ड केले असेल तर हड ६० टक्के दाखवील, पण पंचवीस प्रसंगांवरचे ६० टक्के म्हणजे वास्तवात ४० ते ८० यांमधले काहीही. आता हिशेब मांडून पाहा. पत्ते वाटण्याआधी दोन खेळाडूंना सक्तीने घालावी लागणारी रक्कम म्हणजे ब्लाइंड, आणि त्यांतली मोठी ती बिग ब्लाइंड. त्याने अडीच बिग ब्लाइंडचे रेझ केले, ब्लाइंडचे दीड आधीच पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, आहेत, आणि आपण बटनवरून (फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी खेळणारी जागा) आठची थ्री-बेट ब्लफ म्हणून लावली. आपण चार मिळवण्यासाठी आठ घालत आहोत, तेव्हा कॉल झाल्यावर (समोरच्याने तेवढीच रक्कम घातल्यावर) आपल्या पत्त्यांना काहीच किंमत नाही असे धरले आणि ब्लाइंड घालून आपल्या मागे बसलेल्या दोघांना क्षणभर विसरले, तर दर तीनपैकी दोन वेळा फोल्ड मिळाले तरच हा ब्लफ तोट्यात जात नाही. ६७ ही रेषा ४० ते ८० या पट्ट्याच्या आतच पडते. ज्या प्रश्नासाठी तो आकडा पाहिला, त्याच प्रश्नावर तो गप्प आहे. आणि हे हजार डाव जमवायला सहा जणांच्या एका टेबलावर, तासाला पंचाहत्तर डाव धरले, तर त्याच माणसाबरोबर तेरा तासांहून अधिक बसावे लागते.

शिवाय खेळाडू टेबलावरच्या कोणत्या जागेवरून खेळला हे सरासरी आकडा लपवतो. एकूण व्हीपीआयपी २४ असलेला खेळाडू पहिल्या जागेवरून (फ्लॉपपूर्वी सर्वांत आधी खेळताना) १५ टक्के आणि बटनवरून ४५ टक्के डाव खेळत असू शकतो. समोरच्या रेझचा अर्थ लावताना त्या जागेवरचा आकडा हवा असतो, आणि तो वेगळा काढला की नमुना पुन्हा सहा तुकड्यांत विभागला जातो. स्पर्धांमध्ये ही अडचण आणखी वाढते. दहा ब्लाइंड उरलेला खेळाडू ऑल-इन जाऊ लागला (सगळ्या चिप्स एकदम लावू लागला) की त्याचा पीएफआर फुगतो, आणि पुढच्या स्पर्धेत शंभर ब्लाइंड घेऊन बसलेल्या त्याच माणसावर तो फुगलेला आकडा चिकटलेला असतो. नऊ जणांच्या आणि दोघांच्या टेबलाचे डाव एकत्र मोजले तरी असाच घोटाळा होतो, कारण दोघांच्या खेळात ७० चा व्हीपीआयपीही सर्वसाधारण ठरतो. चांगले ट्रॅकर टेबलावरच्या खेळाडूंच्या संख्येनुसार गाळणी लावू देतात. ती गाळणी लावायची तसदी किती जण घेतात, हा भाग वेगळा.

एवढे करून स्वतंत्र ट्रॅकर घ्यायचाच ठरला तर पोकरट्रॅकर ४ आणि होल्डेम मॅनेजर ३ यांच्यातला फरक वाटतो तेवढा मोठा नाही. २०१४ पासून दोन्ही एकाच छत्राखाली आहेत आणि दोन्ही पोस्टग्रेस हाच डेटाबेस वापरतात. मॅक वापरणाऱ्यासाठी प्रश्न तिथेच मिटतो, कारण होल्डेम मॅनेजर ३ विंडोजवरच चालतो आणि पोकरट्रॅकर दोन्हींवर. स्वतःचे आकडे रचण्याची आणि बारीकसारीक अहवाल काढण्याची हौस असलेल्याला पोकरट्रॅकरमध्ये जास्त मोकळीक मिळते, तर होल्डेम मॅनेजरचा पडदा नवख्याला लवकर हाताळता येतो. हँड टू नोट हे तिसरे नावही कानावर येईल, पण तिथले पर्याय इतके आहेत की पहिला ट्रॅकर म्हणून मी ते कोणाला सुचवणार नाही.

साइटच्या आयत्या हडविषयी अनुभवी खेळाडू नाक मुरडतात, आणि ती नापसंती निम्मीच रास्त आहे. आकडे मोजके असतात, ते बदलता येत नाहीत, हवी तशी गाळणी लावता येत नाही. पण एका गोष्टीत तो सरस ठरतो: टेबलावरच्या प्रत्येकाकडे तोच हड असतो. सहापैकी दोघांकडे ट्रॅकर आणि चौघे उघड्या डोळ्यांनी खेळणारे, अशी स्थिती स्वतंत्र ट्रॅकर चालणाऱ्या साइटवर नेहमीची आहे, आणि आपण त्या दोघांत आहोत की चौघांत याचा विचार प्रत्येकाने करावा. आठवड्यातून दोन संध्याकाळी एक-दोन टेबले खेळणाऱ्याला चार-पाच आकड्यांपलीकडचे काही वापरायला वेळच मिळत नाही, तेव्हा आयत्या हडची मर्यादा त्याला जाणवणारही नाही.

तिसरा मार्ग वहीचा. बहुतेक साइटवर खेळाडूच्या नावावर टीप लिहिता येते आणि रंगाची खूण ठेवता येते. हा पर्याय लोक फुकटचा म्हणून हलका समजतात, पण हड ज्या गोष्टी मोजत नाही त्या इथेच सापडतात. लग्नघरात रात्री उशिरा रंगणाऱ्या तीन पत्तीत कोणीही टक्केवारी काढत नाही, तरी एखादा काका शोची वेळ आली की नेमका कधी हसतो हे सगळ्यांना ठाऊक असते. ऑनलाइन टेबलावर हसू दिसत नाही, पण बेटचा आकार दिसतो, विचाराला लागलेला वेळ दिसतो आणि शोडाउनला पत्ते उघड होतात. ‘पहिल्या जागेवरून बदाम राजा-सत्तीने रेझ’ एवढी एक ओळ त्या खेळाडूविषयी तीस डावांच्या व्हीपीआयपीपेक्षा जास्त सांगते, कारण सावध खेळाडूकडून ते पत्ते त्या जागेवरून कधीच खेळले जात नाहीत आणि एकदा पाहिलेली गोष्ट नमुन्याच्या चुकीने पुसली जात नाही. ‘रिव्हरवर पॉटभर बेट, दोन्ही वेळा पक्के पत्ते’ अशी टीप (रिव्हर म्हणजे शेवटचा सामायिक पत्ता) तर कोणत्याही प्रचलित आकड्यात मावत नाही. दोष एवढाच की चार टेबलांवर तासाला तीनशे डाव येत असताना टिपणे लिहिणे जमत नाही. तिथे ट्रॅकरला पर्याय नाही, कारण तो लक्ष नसतानाही मोजत राहतो.

मग गोव्याचे काय? पणजीत मांडवीवर उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांवर किंवा हॉटेलांतल्या टेबलांवर खेळायला जाणाऱ्याला तिथे कोणताही हड मिळणार नाही. वर्षभर पडद्यावरचे आकडे पाहून निर्णय घेणारा खेळाडू अशा टेबलावर बसला की पहिल्या तासात चाचपडतो, आणि टिपणांची सवय असलेला सहज रुळतो. वर्षातून एक-दोनदा प्रत्यक्ष टेबलावर बसणाऱ्याने निवड करताना हा मुद्दा विसरू नये.

माझे मत असे की नवख्या खेळाडूने ट्रॅकर घ्यावा, पण हड बंद ठेवून. प्रतिस्पर्ध्याचे हजार डाव जमायला महिने लागतात, स्वतःचे हजार डाव मात्र एका आठवड्यात जमतात, आणि ते अगदी पूर्ण असतात, कारण त्यांत आपले झाकलेले पत्तेही नोंदलेले असतात. मोठ्या ब्लाइंडवरून आपण किती हरतो, बटनवरून पुरेसे डाव खेळतो का, रिव्हरवरचे आपले कॉल पैसे मिळवतात की घालवतात, हे प्रश्न ट्रॅकरला विचारावेत. जीजीपोकरवरूनही स्वतःचे डाव नंतर उतरवून घेता येतात. त्यांत प्रतिस्पर्ध्यांची नावे झाकलेली असतात, पण या कामासाठी त्यांची गरजही नाही.

तीन-चार टेबलांवर नियमित खेळणाऱ्याने, साइटची मुभा असेल तर, हड जरूर लावावा, पण पडद्यावर चारच गोष्टी ठेवाव्यात: व्हीपीआयपी, पीएफआर, थ्री-बेट आणि एकूण डावांची संख्या. चौथा आकडा सर्वांत डावीकडे, म्हणजे नजर आधी त्याच्यावर पडेल असा ठेवावा, आणि तो शंभराच्या खाली असेल तोवर उरलेले तीन करड्या रंगात दिसतील अशी सोय ट्रॅकरमध्ये करून घ्यावी. बाकीचे सगळे नावावर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या खिडकीत गेले तरी चालते. पोकरट्रॅकर ४ चा चाचणी काळ १४ दिवसांचा असतो. तो सुरू करण्याआधी एक आठवडा नुसती टिपणे लिहून खेळावे, म्हणजे त्या चौदा दिवसांत हडने टिपणांत नेमकी कशाची भर घातली हे ताडून पाहता येईल.