पाणवनस्पतींच्या टँकचा तळ: ॲक्वासॉइल, खडी-वाळू की साधी माती?

घरच्या टँकमध्ये पाणवनस्पती लावायचे ठरले की चर्चा बहुधा ॲक्वासॉइलच्या पिशवीच्या किमतीपासून सुरू होते. वास्तविक तळाला काय घालायचे, हे आधी घरात कोणते पाणी येते यावरून ठरवायला हवे. नाशिकमध्ये महापालिकेचे गंगापूर धरणातून येणारे पाणी आणि सोसायटीच्या बोअरचे पाणी यांत बराच फरक असतो. बोअरचे पाणी सहसा जड, म्हणजे जास्त क्षार विरघळलेले असते, आणि टंचाईच्या दिवसांत इमारतीच्या टाकीत दोन्ही पाणी एकत्र होत असेल, तर आपण नेमके काय वापरतो हे चवीवरून कळत नाही. म्हणून कार्बोनेट काठिण्य, म्हणजेच केएच, मोजण्याचे छोटे किट आधी घ्यावे आणि पिशवीचा विचार नंतर करावा.

ॲक्वासॉइल म्हणजे भाजलेल्या मातीचे दाणे. ते अन्नद्रव्ये धरून ठेवतात, मुळांना शिरायला जागा देतात आणि पाण्यातील कार्बोनेट शोषून पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) सातच्या खाली आणतात. टेट्रासारखे मऊ पाण्यातले छोटे मासे, मऊ पाण्यातील कोळंबी किंवा पुढच्या भागात गालिच्यासारखी पसरणारी वनस्पती हवी असेल, तर याला तोड नाही. मात्र पीएच खाली ठेवण्याची ही क्षमता मर्यादित असते. दर आठवड्याला जड पाणी बदलत राहिल्यास प्रत्येक वेळी नवे कार्बोनेट येऊन ती क्षमता खर्ची पडते, आणि जो गुण मऊ पाण्यात वर्ष-दीड वर्ष टिकला असता, तो काही महिन्यांत संपतो. अन्नद्रव्ये त्यानंतरही काही काळ मिळतात, पण ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजले, तो अर्धा हेतू वाया जातो. शिवाय हे दाणे कालांतराने मऊ होतात, आणि वाढलेले स्वोर्ड या मोठ्या पाणवनस्पतीचे झुडूप मुळासकट उपटले की टँकभर गढूळ ढग उठतो.

खडी आणि वाळू यांत स्वतःचे असे पोषण नसते. ही उणीव मुळांजवळ दर दोन-तीन महिन्यांनी रूट टॅब, म्हणजे खताच्या गोळ्या, खुपसून भरून काढता येते. दोन ते तीन मिलिमीटर दाण्याची खडी सर्वांत बिनतक्रार: सायफनने साफ होते आणि धुऊन पुन्हा वापरता येते. बारीक वाळू दिसायला सुंदर असते, आणि तळ उकरणाऱ्या कोरीडोरास माशांच्या मिशांना तीच मानवते. परंतु पाच सेंटिमीटरपेक्षा जाड थर घट्ट बसतो, आत ऑक्सिजन पोहोचत नाही, काचेलगत काळे डाग दिसू लागतात आणि थर हलवला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. बांधकामाची काळी कच स्वस्तात मिळते, पण तिच्या कडा धारदार असतात आणि तिची भुकटी धुता धुता हात दुखतात.

नदीची वाळू असो वा कच, टँकमध्ये घालण्यापूर्वी तिची परीक्षा करावी. मूठभर वाळू धुऊन, पूर्ण वाळवून काचेच्या वाटीत घ्यावी, वर व्हिनेगर ओतावे आणि वाटी डोळ्यांजवळ धरून पाहावे. ठरावीक कणांभोवती बारीक बुडबुड्यांची माळ सुटू लागली, तर त्यात चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा आहे असे समजावे. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये कॅल्साइट सापडते, त्यामुळे ही शंका अनाठायी नाही. अशी वाळू पाणी आणखी जड करते. गप्पी आणि मॉलीला ते चालते, टेट्राला नाही.

तिसरा पर्याय मातीचा: खाली दोन-अडीच सेंटिमीटर चाळलेली साधी माती आणि वर तेवढाच खडीचा थर. खर्च नगण्य आणि वाढ जोमदार. तरीही शेतातली काळी माती उचलून आणू नये. ती ओली झाली की फुगते, चिकट होते आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. द्राक्षबागेतली माती तर मुळीच नको, कारण बोर्डो मिश्रणासारख्या फवारण्यांतील तांबे मातीत साचत जाते आणि कोळंबी व गोगलगायी यांना तांब्याची अल्प मात्राही घातक ठरते. शेणखत घातलेल्या कुंडीच्या मातीतून अमोनिया सुटतो. एप्रिल-मेच्या उष्म्यात पाणी तापले की मातीतला सेंद्रिय भाग झपाट्याने कुजतो, हेही लक्षात घ्यावे. ज्यांना दर महिन्याला मांडणी बदलण्याची हौस आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

माझे मत असे की बोअरचे पाणी आणि पहिलाच टँक असेल, तर खडी व रूट टॅब घ्यावेत. केएच चार अंशांच्या आत असेल आणि खर्चाची तयारी असेल, तर ॲक्वासॉइल. केवळ अनुबियास, जावा फर्न आणि मॉस लावणार असाल, तर हा वादच उरत नाही, कारण त्या लाकडाला किंवा दगडाला बांधायच्या असतात; अनुबियास आणि फर्नचे आडवे खोड पुरले तर ते कुजते.

मांडणीचा हिशेब सोपा आहे. 60 बाय 30 सेंटिमीटर तळाच्या टँकमध्ये सरासरी पाच सेंटिमीटर थरासाठी नऊ लिटर सामग्री लागते. पुढे तीन आणि मागे सात सेंटिमीटर असा उतार ठेवावा. वाळूचा उतार हळूहळू सपाट होतो, म्हणून मध्ये दगडांची आडवी ओळ द्यावी. ॲक्वासॉइलवर वाळूचा थर देण्याचा मोह टाळावा; बारीक वाळू खाली झिरपते आणि हलके दाणे वर येतात. पाणी भरताना तळावर बशी ठेवून तिच्यावर बारीक धार सोडावी. ॲक्वासॉइल वापरले असेल, तर पहिले काही आठवडे वरचेवर पाणी बदलावे आणि चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आल्याखेरीज मासे सोडू नयेत.