एक लाख अठ्ठावन्न हजार आणि ‘आमचं स्वतःचं फ्रेमवर्क’

आमच्या देशी बियाण्यांच्या ग्रुपमधल्या १८० जणांनी आमच्या वेबसाइटसाठी प्रत्येकी ५०० रुपये माझ्या भरवशावर दिले होते आणि त्यात आमची फसवणूक झाली, म्हणून हे सगळं लिहिणं मला भाग आहे. उशीर झाला, पण लाज वाटत होती आणि काय लिहायचं तेही नीट समजत नव्हतं. आता भाच्याने समजावून सांगितल्यावर बऱ्यापैकी कळलंय.

मी साताऱ्याची. देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरेंचं नाव २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत आलं तेव्हा आम्ही चारपाच बायकांनी ठरवलं की आपल्याकडे घरोघरी मडक्यात, राखेत जपलेलं जे बी आहे त्याची अदलाबदल करायची. वाघ्या घेवडा, पावटा, अंबाडी, चाकवत, डांगर, जे असेल ते. बघता बघता व्हॉट्सॲपचे तीन ग्रुप झाले, कारण तेव्हा एका ग्रुपला २५६ जणांची मर्यादा होती. तीन ग्रुप म्हणजे तोच प्रश्न तीनदा, आणि चार महिन्यांपूर्वी कुणीतरी झकास उत्तर दिलेलं असायचं ते वर कुठेतरी गडप झालेलं. म्हणून वाटलं आपली स्वतःची साइट करू, फेसबुकसारखी पण फक्त बियाण्यांसाठी, प्रत्येकाचं प्रोफाइल, तालुक्याप्रमाणे ग्रुप, फोटो, एकमेकांना मेसेज, कोणाकडे कुठलं बी आहे ते शोधता यावं एवढंच.

ओळखीतून पुण्याच्या एका डेव्हलपरचा नंबर मिळाला. नाव देत नाही. छोटं ऑफिस, तीनचार मुलं कामाला, बोलणं अगदी गोड, ताई ताई करत. मी थोडं वाचून गेले होते म्हणून विचारलं की साइट बनवायचं ते वर्डप्रेस असतं ना, त्यावर फेसबुकसारख्या सोयी जोडणारं बडीप्रेस का काहीतरी, त्यात होईल का. तर म्हणाला, “ताई वर्डप्रेस हे ब्लॉगसाठी, आणि बडीप्रेस कधीच बंद पडलंय. आमचं स्वतःचं फ्रेमवर्क आहे, चार वर्षं खपून बनवलंय.” फ्रेमवर्क म्हणजे साइट ज्यावर उभी राहते तो सांगाडा, हे आता कळतं. तेव्हा मी गप्प बसले, कारण मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि समोरचा इतक्या खात्रीने बोलत होता.

नोव्हेंबर २०२१ चं कोटेशन माझ्याकडे अजून आहे. स्वतःचं सोशल फ्रेमवर्क ६०,०००. मराठी इंजिन २०,०००. प्रीमियम प्लगिनची (साइटला जोडायच्या विकतच्या सोयींची) लायसन्स २५,०००. चॅट मॉड्यूल १५,०००. क्लाउड सर्व्हर आणि डोमेन २०,०००. एकूण १,४०,०००. वर्गणीचे ९०,००० जमले, वरचे ५०,००० मी घातले, ते मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातले होते.

एप्रिल २०२२ मध्ये साइट सुरू झाली आणि खरं सांगते आम्ही सगळे हरखून गेलो होतो. कोरेगाव तालुक्यातल्या एक आजी आहेत, त्यांचं नातवाकडून टाइप करून घेतलेलं लिखाण यायचं. बी कधी काढायचं, वेल पूर्ण वाळू द्यायचा का नाही, राख कुठल्या लाकडाची घ्यायची, कडुनिंबाचा पाला कसा थरावर थर घालायचा. असे अकरा लेख झाले त्यांचे. त्याखाली बायका प्रश्न विचारायच्या आणि आजी उत्तर द्यायच्या.

ऑगस्टपासून तक्रारी सुरू झाल्या की साइट उघडली की जुगाराची जाहिरात उघडते. मी उघडले की काहीच नाही, सगळं ठीक. त्यामुळे मीच लोकांना म्हणायचे की तुमच्या मोबाइलमध्ये व्हायरस असेल, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. कारण नंतर कळलं की साइटमध्ये चोरून घातलेला असला कोड मुद्दाम तसाच लिहिलेला असतो, लॉगिन असलेल्या माणसाला काही दाखवायचं नाही आणि गुगलवरून शोधून नव्याने येणाऱ्यालाच पळवायचं, म्हणजे साइटच्या मालकाला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. शेवटी क्रोमने लाल भडक पान दाखवायला सुरुवात केली की ही साइट धोकादायक आहे. डेव्हलपर म्हणाला हॅकर्सचा अटॅक झालाय ताई, सिक्युरिटीचं वेगळं प्लगिन घ्यावं लागेल, १८,०००. ते पण दिले. वर एक गोष्ट तो कायम बजावायचा की कसलंही अपडेट टाका म्हणून मला सांगू नका, साइट तुटेल.

फेब्रुवारी २०२३ मध्ये साइट पांढरी पडली, नुसती एक ओळ की गंभीर एरर आली आहे. त्याने दुसऱ्या सर्व्हरवर हलवली, दोन दिवसांनी चालू झाली, आणि मी उघडून बघते तर सगळीकडे प्रश्नचिन्हं. आजींच्या लेखाच्या जागी ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या, मध्येच एखादा आकडा नाहीतर टिंब शिल्लक. सदस्यांची नावं तशीच. मी फोन केला तर म्हणे मराठी फॉन्टचा इश्यू आहे, बघतो. मग फोन उचलणं बंद.

मे महिन्यात भाचा सुट्टीला आला, तो पुण्यात हेच काम करतो. मी त्याला आधी का विचारलं नाही असं तुम्ही विचाराल, तर तेव्हा तो शिकत होता आणि त्याला कशाला त्रास असं मला वाटलं. त्याने लॅपटॉपवर साइट उघडली, कंट्रोल आणि यू एकत्र दाबलं, पानामागचा कोड आला, त्यात त्याने एक शब्द शोधला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. म्हणाला, “मामी, हे बघ.” ओळीओळीला बडीप्रेस, बडीप्रेस, बडीप्रेस. जे कधीच बंद पडलंय म्हणून मला सांगितलं होतं ते. हे करायला त्याला अर्धा मिनिट लागलं. कोटेशनच्या वेळी त्या माणसाने दाखवलेल्या आधीच्या साइटवर मी हे करून बघितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. तुम्ही हे नक्की करा, कुणाचाही डेमो बघताना.

माझ्याकडचं लॉगिन सुद्धा ॲडमिनचं, म्हणजे साइटचा सगळा ताबा असलेलं, नव्हतंच. मला एडिटरचं, म्हणजे नुसते लेख सांभाळायचं, दिलं होतं, त्यात प्लगिनचा मेनूच दिसत नाही, मला वाटायचं साइटच तशी आहे. वकिलाची नोटीस गेल्यावर त्याने फाइल्स आणि डेटाबेसची झिप पाठवली, ती भाच्याने स्वतःच्या लॅपटॉपवर चढवली आणि मग एकेक उलगडत गेलं.

बडीप्रेस फुकट आहे. २००९ पासून आहे, अजून व्यवस्थित चालू आहे, कोणीही उतरवून घ्यावं. सेटिंगमध्ये एक पान आहे, त्यात चौकटी असतात, मैत्री, खाजगी मेसेज, ग्रुप, नोटिफिकेशन, ॲक्टिव्हिटी, हव्या त्या चौकटीवर टिक करायची आणि सेव्ह. आमचं १५,००० चं चॅट मॉड्यूल म्हणजे त्यातली एक टिक होती. आणि २०,००० चं मराठी इंजिन म्हणजे वर्डप्रेसच्या जनरल सेटिंगमध्ये साइटची भाषा निवडायची यादी असते त्यातलं ‘मराठी’. ते भाषांतर मराठी लोकांनी वेळ काढून, पैसे न घेता केलेलं आहे, आणि ते मला विकलं. मला सगळ्यात जास्त राग याचा आला.

बडीप्रेस वापरलं ही फसवणूक नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. आमच्यासारख्या हजारभर माणसांच्या ग्रुपला तेच योग्य होतं असं भाचा पण म्हणतो. फुकटचं सॉफ्टवेअर नीट बसवून द्यायची मजुरी कोणीही घ्यावी, चांगली घ्यावी, ते कष्टाचं काम आहे. पण बसवण्याची मजुरी असं म्हणून घ्या ना. एल्ग आहे २००४ पासूनचं, हमहब आहे, ते मुळातच सोशल नेटवर्कसाठी बनवलेले. नुसत्या चर्चाच करायच्या असतील तर डिस्कोर्स आहे. आणि लाराव्हेल किंवा जँगो अशी प्रोग्रॅमरची फ्रेमवर्क घेऊन शून्यापासून बांधायचं म्हटलं तर फोटो छोटे करणं, नोटिफिकेशन, ब्लॉक करणं, तक्रार करणं हे सगळं कोणीतरी बसून लिहायला लागतं, त्याला महिनोन् महिने माणसं लागतात, ते साठ हजारात होत नाही. एवढ्यात कोणी स्वतःचं फ्रेमवर्क देतो म्हणाला की तिथेच थांबा.

खरा घात प्लगिनच्या लायसन्समध्ये होता. एकही लायसन्स घेतलेलं नव्हतं. थीम (साइटचं रूप ठरवणारा भाग) आणि दोन प्लगिन ‘नल्ड’ होती, म्हणजे विकतच्या वस्तूचं कुलूप तोडून फुकट वाटलेल्या कॉप्या. वर्डप्रेससाठी बनवलेला कोड बहुतेक जीपीएल या मुक्त वाटपाला परवानगी देणाऱ्या लायसन्सखाली येतो, त्यामुळे कॉपी करण्याला कायद्याने आडकाठी नसते असं हे लोक सांगतात आणि ते काही प्रमाणात खरंही आहे, पण जो फुकट वाटतो तो आत काय घालून वाटतो हा प्रश्न आहे. आमच्या थीमच्या फंक्शन्सच्या फाइलमध्ये अगदी वरती एक अगम्य तुकडा चिकटवलेला होता, आणि शेजारी क्लास डॉट थीम-मॉड्यूल्स नावाची फाइल. भाचा बघताक्षणी म्हणाला हा डब्ल्यूपी-व्हीसीडी, नल्ड थीममधून पसरणारा प्रसिद्ध मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम. एकाच होस्टिंग खात्यावरच्या सगळ्या वर्डप्रेस साइटमध्ये तो शिरतो. आणि आमचा क्लाउड सर्व्हर म्हणजे साधं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक साइट मिळून वापरतात ती सर्व्हरवरची जागा, आणि त्याच खात्यात त्याच्या बाकीच्या गिऱ्हाइकांच्या साइट. म्हणजे हॅकर्सनी बाहेरून काही केलंच नव्हतं, पहिल्या दिवसापासून चोर घरातच बसवलेला होता आणि त्याला काढायचे म्हणून माझ्याकडून १८,००० घेतले.

अपडेट टाकू नका का म्हणायचा तेही कळलं. विकतच्या प्लगिनला अपडेट मिळायला खरेदीचा कोड लागतो, तो त्याच्याकडे नव्हताच. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेवर चालतं तिच्या ७.४ व्हर्जनचा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ ला संपला, होस्टिंगवाल्यांनी पुढचं व्हर्जन चढवलं, ती जुनी प्लगिन त्यावर कोसळली आणि साइट पांढरी पडली.

प्रश्नचिन्हांचं मात्र काही होऊ शकलं नाही. नव्या सर्व्हरवर डेटाबेस घेताना त्याने टेबलं लॅटिन-वन या युरोपीय अक्षरांपुरत्या पद्धतीत केली, त्यात देवनागरी अक्षराला जागाच नसते, मग प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. भाचा म्हणाला नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसत असती तर उलटं फिरवून परत आणता आली असती, पण प्रश्नचिन्ह म्हणजे मूळ अक्षर पुसलं गेलं. बॅकअप कुठेच नव्हता. मराठीत साइट करणाऱ्यांनी डेटाबेस यूटीएफ-८ एमबी-४ या सगळ्या लिप्यांची अक्षरं मावणाऱ्या पद्धतीतच आहे ना हे पहिल्या दिवशी विचारा, आणि साइट हलवायच्या आधी बॅकअपची एक प्रत आपल्या घरी पेनड्राइव्हवर येऊ द्या.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तो पण त्याच्याच फर्मच्या नावावर निघाला. ट्रान्सफरचा कोड मागितला तर म्हणाला २५,००० लागतील, आणि वर्षाचं नूतनीकरण १२,०००. साधं डॉट इन डोमेन वर्षाला हजाराच्या आसपास मिळतं. मी दिले नाहीत.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, पण ती पैसे नुकतेच गेले असतील तर ते वाटेत अडवायला उपयोगी, माझं दीड वर्षापूर्वीपासूनचं. सायबर पोलिसांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुम्ही कोटेशन मान्य करून पैसे दिलेत, काम दिलंय असं तो म्हणणार, खोटं सांगितलं याचा लेखी पुरावा आणा. आणि ‘स्वतःचं फ्रेमवर्क’ हे शब्द कोटेशनवर छापलेले होते म्हणूनच वकिलाला नोटीस देता आली. फोनवर आणि ऑफिसात जे जे बोलला त्याचं काहीच नाही. नोटिशीनंतर दोन हप्त्यांत ४०,००० परत आले. ग्राहक आयोगात जायचं का यावर घरात बोलणं झालं, पण माझी ताकद संपली होती. ते ४०,००० आणि माझे आणखी ५०,००० घालून मी सगळ्यांची वर्गणी परत केली. बऱ्याच जणींनी घेतली नाही, म्हणाल्या नवीन साइटला ठेवा.

नवीन साइट झाली आहे. परत बडीप्रेसच. डोमेन आणि होस्टिंग माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर, माझ्या कार्डाने. प्लगिन फक्त वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीतली, आणि घ्यायच्या आधी त्या पानावर शेवटचं अपडेट कधीचं, किती साइटवर चालू आहे, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं येतात का, हे मी स्वतः बघते. कुणाकडून काही विकत घेतलं तर बिल आणि खरेदीचा कोड माझ्याकडे आल्याशिवाय ते बसवू देत नाही. आजी फोनवर पुन्हा सगळं सांगतायत, मी टाइप करते, अकरापैकी चार लेख झालेत. राखेचा झाला, कडुनिंबाचा राहिलाय.

जुन्या सदस्यांनी एक लक्षात घ्या. जुनं डोमेन अजून त्याच्याकडेच आहे आणि तिथे आमच्यासारखंच दिसणारं लॉगिनचं पान उघडतं. तिथे काहीही भरू नका. बियाण्यांची पाकिटं पाठवण्यासाठी दिलेले तुमचे पत्ते आणि नंबर त्या डेटाबेसमध्ये होते, आणि जो पासवर्ड तिथे टाकला होता तोच मेलला किंवा बँकेला वापरत असाल तर आजच बदला. ज्यांना जमत नाही त्यांनी मला फोन करा, नंबर तोच आहे, रात्री नऊपर्यंत मी उचलते.