साऊंडची चिप 'उडाली' म्हणून माझे 3,300 रुपये घेतले

मी घरून गाणं शिकवते. रियाझाला आणि क्लासला तानपुरा कॉम्प्युटरवरच लावते, काळी चारचा. जूनमध्ये तो मधेच तुटायला लागला. क्षणभर आवाज गायब, कधी चर्रकन खरखर, की पुन्हा सुरू. एखादं गाणं ऐकताना हे एकवेळ लक्षात येणार नाही, पण तानपुऱ्याच्या अखंड नादात एवढीशी फटसुद्धा टोचते. मुली आलाप अर्धवट सोडून विचारायच्या, "ताई, आवाज गेला का?"

जवळच्या दुकानातल्या मुलाने मशीन नेलं. संध्याकाळी फोन आला, "मॅडम, ऑनबोर्ड साऊंडची चिप उडालीय. साऊंड कार्ड टाकावं लागेल." ऑनबोर्ड म्हणजे मशीनच्या मुख्य बोर्डावरच बसवलेली. कार्डाचे 2,800, मजुरी 500. मी दुकानात गेल्यावर त्याने माझ्यासमोर स्पीकरची पिन मागच्या हिरव्या सॉकेटमध्ये घातली. काहीच वाजेना. मग तीच पिन नव्या कार्डात घातली आणि आवाज आला. माझा विश्वास बसला. सकाळपर्यंत त्याच हिरव्या सॉकेटमधून आवाज येत होता, फक्त तुटत होता. मग संध्याकाळी तो पार मेला कसा, हे मला तेव्हा सुचलंच नाही. पक्कं बिल हवं तर 18 टक्के जास्त लागतील म्हणाला, म्हणून कागदावर लिहिलेला आकडा घेऊन मी घरी आले.

दोनच दिवसांत तानपुरा पुन्हा तसाच तुटायला लागला. दुकानदार म्हणाला, आता बोर्डच बदलावा लागेल, 7,500. मी पैसे द्यायला निघालेही होते. पण माझी एक विद्यार्थिनी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. ती म्हणाली, "ताई, थांबा, आधी मला बघू द्या."

तिने मशीन बंद करून चालू करताना डिलीट दाबलं आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये गेली. तिथे ऑडिओ कंट्रोलरपुढे 'डिसेबल्ड' लिहिलेलं होतं. ते 'एनेबल्ड' करून विंडोज सुरू केल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे मशीनमधल्या भागांच्या यादीत, रिअलटेकचं (त्या साऊंड चिपचं) नाव आलं आणि हिरव्या सॉकेटमधून आवाजही. चिप मेली नव्हती, तिला बंद करून मला मेलेली दाखवली होती. आणि ते 'साऊंड कार्ड'? कॅबिनेटच्या मागे, मला सहज दिसणार नाही असं खोचलेलं यूएसबीचं बोटभर डोंगल. बाजारात दोन-अडीचशेला मिळतं.

खरा दोष वेगळाच होता. मे महिन्यात मी यूएसबीचा वाय-फाय अडॅप्टर लावला होता. आवाज कशामुळे अडतो ते दाखवणाऱ्या लेटन्सीमॉन या फुकट प्रोग्रॅममध्ये नेटवर्कच्या ड्रायव्हरची, म्हणजे तो अडॅप्टर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, पट्टी लाल झाली. आवाजाचा डेटा प्रोसेसरकडून थोडा थोडा करून पुढे जातो. एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर काही मिलिसेकंद अडवून धरला, की साठा संपतो आणि आवाज तुटतो. डोंगल लावूनही तुटत होता तो म्हणूनच. अडॅप्टर काढून लॅनची वायर जोडली. त्या दिवशी तानपुरा सलग दोन तास वाजला.

तुमचाही आवाज असा तुटत असेल, तर मशीन कुणाच्या हाती देण्याआधी दहा मिनिटं वाय-फाय बंद करून ऐका. मग यूएसबी हेडफोन लावून बघा. त्यातही तुटत असेल तर दोष ऑनबोर्ड चिपचा नसणार. पेन ड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) चालवलं आणि तिथे हिरव्या सॉकेटमधून आवाज स्वच्छ आला, तर चिप ठणठणीत आहे. आणि मशीन देताना डिव्हाइस मॅनेजरचा फोटो काढून ठेवा. माझ्याकडे तो असता, तर दुकानदाराला "ते आधीपासूनच बंद होतं" असं म्हणता आलं नसतं.

हो, तो तसंच म्हणाला. पैसे अजून परत मिळालेले नाहीत. मी 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे. बिल न देणं हीसुद्धा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेही तक्रारीत लिहिलं. डोंगल आणि तो आकड्याचा कागद एका पाकिटात घालून ठेवला आहे.