पिकअपच्या चाकांचा आवाज आणि टायरची विषम झीज : खर्च आधी कशावर करावा?

पिकअप वेगात असताना चाकांतून घोंघावणारा आवाज येऊ लागला आणि त्याच सुमारास पुढच्या टायरची एक कड जास्त घासलेली दिसली, की मालकापुढे साधारण चार वाटा उभ्या राहतात. नवे टायर टाकावेत, चाकाचे बेअरिंग बदलावे, अलाइनमेंट (चाकांची दिशा आणि कल जुळवणे) आणि बॅलन्सिंग (चाकाचे वजन सर्व बाजूंनी सारखे करणे) करून घ्यावे, की शॉकअप (चाकाची उसळी दाबणारे), किंगपिन (पुढचे चाक ज्यावर वळते ती खीळ) आणि पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग) यांच्या कामाला हात घालावा? या चारही कामांचा खर्च आणि गाडी उभी राहण्याचा वेळ अगदी वेगवेगळा आहे. अलाइनमेंट तासाभरात उरकते आणि त्याचा खर्च एका नव्या टायरच्या किमतीपुढे किरकोळ असतो. चार टायर एकदम घ्यायचे म्हटले, तर मात्र अनेक भाड्यांची कमाई त्यांतच जाते. त्यामुळे या वाटा एकमेकींशेजारी ठेवून पाहणे आणि कोणत्या लक्षणावरून कोणती निवडावी हे ठरवणे गरजेचे आहे.

आमची गाडी ओतूरहून माळशेज घाटाने वाशीच्या बाजारात टोमॅटो आणि भाजी नेते. तिच्या पुढच्या भागातून आवाज येऊ लागला, तेव्हा एका गॅरेजमध्ये केवळ आवाज ऐकून दोन्ही पुढची बेअरिंगे बदलण्यात आली. आवाज जसाच्या तसा राहिला. नंतर पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावली, तेव्हा आवाजही मागे गेला आणि दोष टायरच्या नक्षीत पडलेल्या चढउतारांचा असल्याचे स्पष्ट झाले. चाकांच्या अदलाबदलीला अर्धा तास लागला होता. ती आधी केली असती, तर बेअरिंगांचा खर्च वाचला असता. तेव्हापासून कोणताही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी ही अदलाबदल करावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

टायर आणि बेअरिंग : आवाजातला फरक

या दोघांचा आवाज कानाला इतका सारखा लागतो की अनुभवी चालकही फसतो. पण त्यांचे वागणे वेगळे असते. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा समृद्धी महामार्ग यांसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावरून गुळगुळीत डांबरावर आल्याबरोबर तो कमी झाला किंवा त्याचा सूर बदलला, तर संशय टायरवर घ्यावा. खराब बेअरिंगला खालचा रस्ता कसा आहे याच्याशी फारसे देणेघेणे नसते. त्याची घरघर दोन्ही पृष्ठभागांवर जवळजवळ सारखी राहते आणि वेगाबरोबर वाढत जाते.

दुसरी कसोटी भाराची आहे. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर झुकते आणि उजवीकडे वळते तेव्हा डाव्या चाकांवर. मोकळ्या, सरळ रस्त्यावर मध्यम वेगात स्टिअरिंग हलकेच डावीकडे आणि मग उजवीकडे नेले असता डावीकडे नेताना घरघर वाढली आणि उजवीकडे नेताना कमी झाली, तर उजव्या बाजूचे बेअरिंग तपासावे. नक्षीत चढउतार पडलेल्या टायरचा आवाज अशा वळणात सहसा इतका स्पष्ट बदलत नाही. ही चाचणी रिकाम्या गाडीनेच करावी. भरलेली पिकअप मुद्दाम झुलवणे धोक्याचे आहे.

तिसरी कसोटी हाताची आहे आणि माझा सर्वाधिक विश्वास तिच्यावर आहे. गाडी सपाट जागी उभी करून, बाकीच्या चाकांना ओंडके लावून, संशयित चाक जॅकवर उचलावे आणि वर-खाली धरून हलवावे. ढिलेपणा जाणवला, तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा असतो, आणि तसाच राहिला तर किंगपिनचा किंवा बॉल जॉइंटचा. चाक डावी-उजवी कड धरून हलवले असता खेळ जाणवला, तर टायरॉडची (स्टिअरिंगचे वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याची) टोके आणि स्टिअरिंगचे सांधे पाहावेत. नंतर एक हात पाट्यावर किंवा स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवावे. बेअरिंग खराब असेल तर वाळू भरडल्यासारखी कंपने पाट्यावरच्या हाताला कळतात. पंधरा-वीस किलोमीटर चालवून आल्यावर दोन्ही बाजूंच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची, ज्यात बेअरिंग बसते) उष्णता ताडून पाहणेही उपयोगी पडते. मात्र आधी तळहात जवळ नेऊन अंदाज घ्यावा आणि मगच स्पर्श करावा. एकच हब जास्त तापत असेल, तर बेअरिंग अती घट्ट बसले आहे, सुकले आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक चिकटतो आहे.

निर्णयाच्या दृष्टीने यांतला महत्त्वाचा भेद असा की, टायरच्या आवाजाने कटकट होते, पण तपासणीत टायर धड निघाला तर काम काही दिवस पुढे ढकलता येते. बेअरिंगचा दोष नक्की झाला की गाडी भाड्यावर पाठवू नये. ते पूर्ण निकामी झाले तर हब आणि स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरते तो दांडा) खराब होतो आणि चाक जागेवर राहण्याची खात्री उरत नाही.

मागून येणारा आवाज ॲक्सिलरेटर दाबताच वाढत असेल आणि पाय काढताच बदलत असेल, तर तो बहुधा डिफरन्शियलचा (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरांचा) असतो, कारण टायर आणि बेअरिंग यांना ॲक्सिलरेटरचा असा थेट फरक पडत नाही. गाडी उचलताना ‘खट्’ असा एकच आवाज येऊन पुढे ठराविक वेगाला थरथर जाणवली, तर प्रॉपेलर शाफ्टचे (इंजिनाची शक्ती मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे आणि सेंटर बेअरिंग आधी पाहावे.

झीज कोठे आहे, यावरून कारण

आवाजापेक्षा झीज जास्त भरवशाची, कारण ती डोळ्यांनी दिसते आणि मोजता येते. नक्षीची खोली आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी मोजून वहीत लिहावी.

मधला पट्टा जास्त घासला असेल तर हवा जास्त आहे, आणि दोन्ही कडा घासून मध्य शाबूत असेल तर हवा कमी आहे किंवा भार जास्त. ही दोन्ही कारणे फुकटात दुरुस्त होतात. पिकअपच्या मागच्या टायरांत मात्र एक खास अडचण असते. जाताना दीड टन माल आणि येताना रिकामे क्रेट, अशा फेऱ्यांत पूर्ण भारासाठी भरलेली हवा परतीच्या वाटेवर जास्त ठरते आणि मध्य घासतो. म्हणून मागच्या टायरांचा मध्य थोडा जास्त झिजलेला दिसला, तरी घाबरून कोणतेही काम काढू नये. दाराच्या खांबावरील पट्टीवर पुढच्या आणि मागच्या चाकांची हवा वेगवेगळी दिलेली असते. ती थंड टायरात मोजून पाळावी. परतीची रिकामी वाट लांबची असेल, तर हवा रिकाम्या गाडीसाठी दिलेल्या आकड्यावर आणता येते. पण पुढच्या भरलेल्या फेरीआधी ती पुन्हा भरण्याची शिस्त नसेल, तर त्या फंदात पडू नये. कमी हवेत भार वाहिला की टायर तापतो, आणि ते मधल्या झिजेपेक्षा फार वाईट.

एकच कड घासणे हा अधिक गुंतागुंतीचा प्रकार आहे. त्यामागे ‘टो’ म्हणजे दोन चाकांच्या पुढच्या आणि मागच्या अंतरांतील फरक असतो, किंवा ‘कॅम्बर’ म्हणजे चाकाचा उभा कल. दोघांतला भेद तळहाताने कळतो. नक्षीवरून हात आडवा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखी बोचरी धार लागली, तर दोष टोचा आहे. बाहेरून आत जाताना गुळगुळीत आणि आतून बाहेर येताना बोचत असेल, तर चाके पुढून जरुरीपेक्षा आत वळलेली आहेत. अशी धार नसून एकच कड सपाट घासली असेल, तर कॅम्बरचा विचार करावा. टोची चूक लहान दिसते, पण ती फार महागात पडते. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०० मिमी असतो. दोन्ही चाकांत मिळून ३ मिमी चूक असेल, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड मिमी येते आणि ते चाक दर किलोमीटरला सुमारे २ मीटर आडवे घासले जाते. ओतूर-वाशीसारख्या रोजच्या फेरीत याचा हिशेब करून पाहावा.

घाटात गाडी चालवणाऱ्यांनी मात्र येथे घाई करू नये. माळशेज किंवा कसाऱ्याची वळणे रोज घेणाऱ्या गाडीच्या दोन्ही पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा थोड्या गोलसर होतातच. दोन्ही बाजूंची झीज सारखी असेल, कड गोल असेल आणि हाताला धार लागत नसेल, तर ती वळणांची झीज मानावी. त्यावर अलाइनमेंट करून उपयोग नाही. ठराविक अंतराने चाके मागे-पुढे करणे हाच उपाय आहे.

चौथा प्रकार परिघावर ठरावीक अंतराने पडलेल्या खळग्यांचा. घोंघावणारा आवाज बहुतेक वेळा याच टायरांतून येतो. शॉकअप मेले असतील, चाकाचे बॅलन्सिंग बिघडले असेल किंवा बेअरिंग ढिले असेल, तर चाक रस्त्यावर दाबून बसण्याऐवजी उड्या मारत चालते आणि जेथे आपटते तेथे रबर झिजते. म्हणजेच ढिले बेअरिंग आणि खळगे पडलेला टायर एकाच गाडीत सापडू शकतात आणि मग दोन्ही कामे करावी लागतात. अदलाबदलीने आवाज मागे गेला, तरी जॅकवरची तपासणी टाळू नये, ती याचसाठी.

अलाइनमेंट पुरेल की सस्पेंशनचे काम काढावे?

बऱ्याच पिकअपना पुढे अखंड ॲक्सल आणि पाटे असतात, तर काहींना दोन्ही चाकांचे स्वतंत्र सस्पेंशन असते. अखंड ॲक्सलच्या गाडीत कॅम्बर ॲक्सलच्या घडणीतच ठरलेला असतो आणि सहज बदलता येतो तो फक्त टो. म्हणून अशा गाडीत मशीनवर कॅम्बर चुकलेला निघाला, तर किंगपिनचे बुश झिजले आहेत की ॲक्सल वाकला आहे, हे शोधावे लागते. नुसते टायरॉड फिरवून ते दुरुस्त होत नाही. किंगपिन ढिले असताना टो जुळवला, तरी गाडी रस्त्यावर आली की तो पुन्हा हलतो. म्हणूनच जॅकवर हलवून ढिलेपणा आढळला, तर आधी सांधे बदलावेत आणि मग अलाइनमेंट करावे. ढिलेपणा नसेल, तर अलाइनमेंट पुरेसे आहे.

मागचा ॲक्सल बहुधा कोणी पाहत नाही. ॲक्सल पाट्यांना आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले झाले किंवा पाट्यांचा मधला बोल्ट तुटला, की ॲक्सल एका बाजूने पुढे-मागे सरकतो आणि गाडी तिरकी पळते. सरळ चालताना स्टिअरिंग वाकडे धरावे लागत असेल, तर दोन्ही बाजूंनी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधले अंतर टेपने मोजून पाहावे. दोन आकड्यांत ठळक फरक निघाला, तर अलाइनमेंटच्या पैशांआधी पाट्यांचे काम करावे.

जुने टायर ठेवावेत की नवे घ्यावेत?

कारण दुरुस्त झाल्यावरच हा प्रश्न विचारावा. नक्षीतील झीज दाखवणाऱ्या पट्ट्या १.६ मिमीवर असतात. खोली त्यांच्याशी आली असेल, एका कडेला दोरे दिसत असतील किंवा बाजूला फुगवटा आला असेल, तर निवड उरतच नाही. फुगवटा किंवा सुटू लागलेला रिट्रेडचा (जुन्या टायरवर चढवलेल्या नव्या नक्षीचा) थर असेल, तर चाकाच्या दर फेऱ्याला एक ठोका ऐकू येतो; ६० किमी वेगाला असे सेकंदाला सात-आठ ठोके पडतात. असा टायर घेऊन पुढच्या गावापर्यंतही जाऊ नये. तेथेच स्टेपनी लावावी.

नक्षी अर्ध्याहून जास्त शिल्लक असेल आणि झीज फक्त धारेची किंवा उथळ खळग्यांची असेल, तर टायर ठेवावेत आणि मागे लावावेत. अशा वेळी आवाज लगेच थांबत नाही, कारण आवाजाला कारण झालेला आकार रबरात तसाच असतो. तो झिजून सपाट व्हायला काही हजार किलोमीटर लागू शकतात. दुरुस्ती फसली असे समजून लोक येथे दुसऱ्यांदा खर्च करतात. खळगे खोल असतील तर मात्र ते पुरते जात नाहीत आणि कानाला त्रास होत असेल तर टायर बदलणे योग्य. टायरच्या बाजूवरील चार अंकही वाचावेत : २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. जुने, कडक झालेले रबर नक्षी असूनही जास्त आवाज करते आणि ओल्या रस्त्यावर कमी पकडते. मागे लग नक्षीचे (मोठ्या, खोल आडव्या ठोकळ्यांचे) टायर असतील, तर त्यांचा आवाज मुळातच मोठा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

दोनच नवे टायर घेणे परवडत असेल, तर ते पुढे लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पावसाळ्यात घाटातून रिकामी परतणाऱ्या पिकअपसाठी मी ते मागे लावीन. तिचा मागचा भाग हलका असतो, आणि मागची पकड सुटली तर गाडी फिरते व चालकाच्या हाती फारसे काही राहत नाही. अट एवढीच की पुढे जाणारे जुने टायर धड असावेत आणि एका ॲक्सलवर नायलॉन व रेडियल (आतल्या दोऱ्यांच्या रचनेने वेगळे असलेले) टायर एकत्र लावू नयेत. नवे टायर बसवल्यावर दोन-तीन हजार किलोमीटरनी नक्षीवरून पुन्हा आडवा हात फिरवावा आणि तिन्ही ठिकाणची खोली वहीतल्या पहिल्या आकड्यांशेजारी लिहावी.