हातातलं भिंग की टॅबलेट?

दृष्टी अधू असलेल्यांना दोन्ही उपयोगी पडतात, पण दोन्हींची कामं वेगळी. भिंगाची ताकद वाढली की त्यातून दिसणारा भाग आक्रसतो. पाचपट मोठं दाखवणारं, म्हणजे साधारण 20 डायॉप्टरचं (डायॉप्टर हे भिंगाची ताकद मोजायचं एकक) भिंग कागदापासून जेमतेम 5 सेंटिमीटरवर धरावं लागतं. एका नजरेत मोजकेच शब्द मावतात. हात थरथरत असेल तर अक्षरंही थरथरतात.

टॅबलेटवर मॅग्निफायर अ‍ॅप उघडलं की तेवढंच मोठं केलेलं बरंच काही पडद्यावर मावतं. मला सर्वांत मोलाची वाटते ती रंग उलटे करण्याची सोय: काळ्यावर पांढरी अक्षरं. पांढऱ्या कागदाची चकाकी ज्यांना सोसत नाही, त्यांना याने खरोखर हायसं वाटतं. दुसरी सोय चित्र गोठवण्याची. गोळ्यांच्या चकचकीत पाकिटावरची मुदतीची तारीख वाचायची तर टॉर्च बंद ठेवा, पाकीट थोडं तिरकं धरा, चित्र थांबवा. मग पाकीट बाजूला ठेवून बोटांनी मोठं करत सावकाश वाचा. कॅमेरा फार जवळ नेला तर मजकूर धूसर होतो, म्हणून थोडं लांबूनच झूम करावं.

वजन मात्र जाणवतं. लांबलचक पत्र वाचायचं तर स्टँड हवाच. स्टँडवर ठेवलेल्या टॅबलेटखाली सहीसुद्धा करता येते. भिंग खिशात मावतं, साधं असेल तर चार्जिंगची भानगडही नाही. पण त्याची ताकद अंदाजाने निवडू नका, नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या.